आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, हळव्या आतड्याचा त्रास) : साधं घरचं वरणभात खाऊनही पोट फुगतंय, नक्की काय बंद करू?

पोटोबा_३४
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, विषय जरा तसलाच आहे, सांभाळून घ्या.

वय ३४, पुण्यात आयटीत. तीन वर्षं झाली पोटाने पिच्छा पुरवलाय. सकाळी चहा पोटात गेला की दहा मिनिटांत पळायचं, मग आवरून निघेपर्यंत अजून दोनदा, आणि कंपनीच्या बसमध्ये बसलं की धडधड सुरू, कारण हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये मध्येच कळ आली तर उतरून जाणार कुठे. चारनंतर पोट एवढं फुगतं की खुर्चीत बसल्या बसल्या पँटचं बटण हळूच सोडतो, म्हणून शर्ट कायम बाहेर. रक्त, सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले आयबीएस आहे, घाबरण्यासारखं नाही, बाहेरचं तिखट-तेलकट बंद करा.

बंद केलं हो! चार महिने मिसळ नाही की वडापाव नाही. डब्यात तुरीचं वरण, भात, दोन-तीन पोळ्या, फ्लॉवरची नाहीतर दुधीची भाजी, वर लसणाची फोडणी. संध्याकाळी एक सफरचंद. रात्री हळद घालून ग्लासभर दूध. आई म्हणते याहून साधं माणसाने खायचं तरी काय. फरक शून्य. उलट मागच्या आठवड्यात कलीगच्या पार्टीत तंदुरी चिकन हादडलं, ते बाधलं नाही!! हे काय गौडबंगाल आहे?

भाकरतुकडा
दादा तुमचा डबा वाचून हसू आलं, माफ करा, कारण माझा अगदी हाच होता. तिखट-तेलकट हा एक भाग झाला, काहींना त्यानेही त्रास होतो, पण गुबारा धरतो तो बहुतेकदा दुसऱ्याच गोष्टींनी. माझ्या बाबतीत गहू आणि कांदा-लसूण. मी सोलापूरचा, लहानपणी ज्वारीची भाकरी खाऊन वाढलो तेव्हा काही नव्हतं, नोकरीसाठी मुंबईला आलो, मेसच्या पोळ्या सुरू झाल्या आणि दोन वर्षांत हा ससेमिरा. परत ज्वारीवर आलो तर पंधरा दिवसांत पोट निम्म्याने उतरलं. बायको भाकरी थापताना शिव्या घालते तो भाग वेगळा.

अजून एक. कशाने झालं हे ओळखताना माझी कायम गल्लत व्हायची. पाच वाजता पोट फुगलं की मी चहा-बिस्किटाला दोष द्यायचो, आणि खरा गुन्हेगार दुपारच्या डब्यातला. खाल्लेलं मोठ्या आतड्यात पोचायलाच काही तास लागतात, गॅस तिथे होतो. वहीत वेळ टाकून लिहायला लागलो तेव्हा कुठे हे कळलं.

डाएटवाली
मी आहारतज्ज्ञ आहे, ऑनलाइन कुणाला ट्रीटमेंट देत नाही पण हे गौडबंगाल उलगडून सांगते. काही कर्बोदकं लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत, ती पाणी ओढतात आणि मोठ्या आतड्यात गेली की जंतू त्यांना आंबवून गॅस करतात. हे सगळ्यांच्याच पोटात होतं, पण आयबीएसवाल्यांचं आतडं हळवं असतं, त्याच गॅसने यांना कळा येतात. या कर्बोदकांना मिळून फॉडमॅप म्हणतात. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या लोकांनी यावरून लो फॉडमॅप आहार बसवला.

आता तुमचा डबा बघा. पोळीत आणि लसणात फ्रुक्टन. तुरीच्या डाळीत गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड, नाव जाऊ दे, राजमा-छोल्यांनी होतं तेच. फ्लॉवरमध्ये मॅनिटॉल. सफरचंदात फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉल दोन्ही. दुधात लॅक्टोज. म्हणजे भात आणि दुधी सोडली तर साधं म्हणून जे जे निवडलंत ते बहुतेक त्याच यादीतलं! तंदुरी चिकनमध्ये मॅरिनेशनचं आलं-लसूण आणि दही सोडलं तर फॉडमॅप जवळजवळ नाहीच, मांसात कर्बोदकं नसतात. आणि बसमध्ये तोंडात शुगरफ्री च्युइंगम चघळत असाल तर तेही थांबवा, त्यातही सॉर्बिटॉल असतं.

काय खायचं : भात, ज्वारी किंवा नाचणीची भाकरी, पोहे (कांदा न घालता, हो, माहितीये), वांगं, गाजर, काकडी, पडवळ, बटाटा, अंडी, मासे. डाळ हवी तर मुगाची, थोडी, भिजवून ते पाणी फेकून शिजवलेली. फळांत संत्रं, पपई, जरा कच्चट केळं. पूर्ण पिकलेल्या केळ्यात फ्रुक्टन वाढतं.

पण सगळ्यात महत्त्वाचं, हे कायमचं नाही. दोन ते सहा आठवडे काटेकोर, मग एकेक गट परत आणून बघायचा. समजा दूध, तर तीन दिवस, रोज थोडं वाढवत, बाकी सगळं तसंच ठेवून. मग दोन-तीन दिवस गॅप, मग पुढचा गट. गहू वेगळा, कांदा वेगळा, लसूण वेगळा तपासायचा. माझ्याकडे लोक येतात ते वर्षभर नुसत्या भात-बटाट्यावर राहून आठ किलो उतरवून येतात, परत काही सुरूच करत नाहीत, भीती बसते. प्लीज तसं करू नका. सहा आठवड्यांत काहीच फरक नाही पडला तर नेहमीचं जेवण सुरू करा, तुमचा प्रश्न फॉडमॅपचा नाही असं समजायचं.

ताकपीर
एवढं कशाला, जेवणानंतर जिरं घालून ताक प्या, आमच्या घरात कुणाला आयबीएस बियबीएस नाही.

यारा_काठची
ताकपीर, ताकातही लॅक्टोज असतं हो, दुधापेक्षा कमी पण असतं. कुणाला चालतं कुणाला नाही.

मी मेलबर्नमध्येच राहते, इथे माझ्या जीपीनेच (म्हणजे फॅमिली डॉक्टरने) डाएटिशियनकडे पाठवलं होतं. मोनाशचं अॅप आहे, हिरवं-पिवळं-लाल असं दाखवतं, आणि एकच पदार्थ थोडा घेतला तर हिरवा आणि जास्त घेतला की लाल, हे बघून माझे डोळे उघडले, कारण आपल्याकडे एकतर चालतं नाहीतर वर्ज्य.

कांदा-लसणावाचून स्वैपाक म्हणजे चातुर्मास, मान्य, पण एक युक्ती सांगते. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून तेलात लसणाच्या ठेचलेल्या पाकळ्या मंद आचेवर सोनेरी करायच्या, मग पाकळ्या झाऱ्याने सगळ्या उचलून टाकायच्या आणि त्याच तेलात मोहरी-जिरं-कढीपत्ता. वास सगळा उतरतो, त्रास होत नाही. पण आमटीत पाकळी टाकून नंतर काढली तर उपयोग नाही, ती पाण्यात उतरलेली असते. लसणाचं तेल बाटलीत भरून ठेवू नका मात्र, लागेल तेवढंच ताजं करा, साठवलेल्यात विषबाधेचे जंतू वाढू शकतात. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग. माझ्या सासूबाई आल्या होत्या, त्यांना बटाट्याच्या रश्श्यात कांदा नाही हे जेवण होईपर्यंत कळलं नाही, आणि कळल्यावर रागावल्या!

गव्हाशी_कट्टी
मध्येच घुसतो पण हे वाचल्याशिवाय गहू बंद करू नका. मला दोन वर्षं आयबीएस म्हणूनच गोळ्या चालू होत्या, निघाला सिलिअॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होण्याचा आजार. त्याची रक्ताची टेस्ट गहू खात असतानाच करायची असते, आधीच बंद केला तर ती खोटी नॉर्मल येऊ शकते. माझं तेच झालं, मग परत दीड महिना पोळ्या खाऊन, लोळून, टेस्ट केली. पोटोबा, तुमच्या रिपोर्टात टीटीजी (हीच ती रक्ताची टेस्ट) आहे का बघा, नसेल तर आधी ती करून घ्या.

शौचातून रक्त, वजन आपोआप उतरणं, ताप, हिमोग्लोबिन कमी, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, यातलं काहीही असेल तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून आधी डॉक्टर. आपल्याकडे आतड्याचा टीबीही असतो, तो सुरुवातीला असाच वाटू शकतो.

आणि हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच हिंगात मैदा असतो. आयबीएसवाल्याला चिमटीभराने काही होत नाही, पण मला होतं.

पोटोबा_३४
बापरे, एका दिवसात एवढं! सगळ्यांचे आभार. फाइल काढून बघितली, टीटीजी केलेलीच नाही. शनिवारी देतो, तोपर्यंत पोळी चालू. च्युइंगमचं वाचून दचकलोच, बसमध्ये रोज तीन-चार होतात, मळमळ होऊ नये म्हणून. ते आजपासून बंद.

दोन शंका. सकाळच्या चहाचं काय? आणि इसबगोल घेऊ का, काका म्हणतात घे, मावशी म्हणते त्याने अजून जास्त होईल.

डाएटवाली
उपाशीपोटी चहा घेतला की आतडं हलतं, त्यात दूध आणि कॅफिन. आधी काहीतरी खा, मग अर्धा कप, दूध कमी, आणि दिवसाला तीन कपांच्या वर नको. इसबगोल जुलाब आणि बद्धकोष्ठ दोन्हीकडे चालतं, ते पाणी धरून ठेवतं. अर्ध्या चमच्यापासून सुरू, भरपूर पाण्याबरोबर, आठवड्याने वाढवा. मावशी बहुतेक गव्हाच्या कोंड्याबद्दल म्हणत असतील, त्याने खरंच वाढतं. दुसरी औषधं चालू असतील तर दोन्हींत दोन तास अंतर ठेवा.

पोटोबा_३४
मावशीला फोन केला. कोंडाच म्हणत होती 😄 टीटीजी आली की इथेच टाकतो. भाकरतुकडा, भाकरी थापायला शिकायला किती दिवस लागतात? आईने हात वर केलेत, म्हणाली तुझं पोट तू थाप.

भाकरतुकडा
पीठ ताजं दळलेलं घ्या आणि उकळतं पाणी घालून मळा, म्हणजे चिरा पडत नाहीत. पहिल्या दहा नकाशेच होतील, खाऊन टाका.