चिडाचं (पाईनचं) जंगल, वाळूचे डोंगर : कोणकोण राहिलंय? अनुभव लिहा

रेणू_टिळकवाडी :
काल उद्यमबागेत भावाच्या वर्कशॉपात मशीन आलं, पाईनच्या पेटीत. पेटी फोडली तसा राळेचा वास सुटला आणि मी डायरेक्ट हरियाणातल्या चंडीमंदिर छावणीत पोचले. बाबा मराठा लाईट इन्फंट्रीत, तिकडं पोस्टिंग होतं. रविवारी मोरनीच्या डोंगरात जायचो. शिवालिकच ते, हिमालयाच्या पायथ्याची रांग, खरं आपल्यासारखा कातळ न्हाई, दगड नखानं खरवडला तरी वाळू गळायची. पावसात ओढे ती सगळी वाळू घेऊन खाली यायचे, एरवी ठणठणीत कोरडे. आणि त्या असल्या मातीत चिडाची ही उंच झाडं! सुया तीन-तीनच्या जुडीनं, वीतभर लांब. वाळून पडल्या की चपलेनं चढच चढता येत न्हाई, घसरगुंडी. भेकर भुंकताना पहिल्यांदा तिथंच ऐकलं, आई म्हणाली कुत्रं उपाशी दिसतंय, बिस्कीट टाका. लिहा तुम्हीपण.

निपाणीचा_फौजी :
ताई चंडीमंदिर म्हणजे माहेरच की आमचं. मी पुढं उत्तराखंडात होतो. तिकडं त्या वाळलेल्या सुयांना पिरूल म्हणतात. मे-जूनमधी एक काडी पडली की डोंगरच्या डोंगर पेटतोय, राळ असतीय ना आत. झाडाच्या फांद्या मारून विझवायची, वारं फिरलं की पळायचं. मोठं झाड वाचतंय, साल जाड असतीय, खालची बारकी रोपं जातात. आग विझल्यावर पावसात नवं गवत आलं की घोरल (रानबकरीसारखं जनावर) चरायला यायचे, एवढ्या सरळ कड्यावर कसे उभे राहतात देव जाणे. बिबट्या दोनदा बघितला, ते नंतर लिहितो, मी आता ड्यूटीवर आहे, सिक्युरिटीत

खानापूरकर :
आमच्याकडं चीड न्हाई, सुरूचं झाड आहे अंगणात, चालंल का? 😄
खरं सांगू, चिडाचं जंगल मला बोअर झालं. कसौलीला गेल्तो, झाडाखाली काय उगवतच न्हाई, सुयांचा थर सगळं दाबून टाकतोय. आमच्या जांबोटी-कणकुंबीला बघा, पाय टाकायला जागा न्हाई. मलप्रभा कणकुंबीला उगवती, म्हादई भीमगडच्या रानात. गवे, अस्वल, शेकरू, धनेश, सगळं आहे. तळेवाडीकडं बारापेडे गुहेत रॉटनचं वटवाघूळ आहे, जगात फार थोड्या ठिकाणी सापडतंय. भीमगडला 2011 मधी अभयारण्य केलं.

रेणू_टिळकवाडी :
बोअर कसं हो! थर असला तरी पानं विरळ, ऊन खाली येतंय, त्यात कलीज कोंबडा सुया उकरत फिरायचा. काळानिळा, डोळ्याभोवती लालभडक. शांत बसायला पायजे, तुम्ही गाडीतनं बघितलं असणार.

खानापूरकर :
गाडीतनंच 🙈

शहापूरची_वैनी :
माझ्याकडं चिडाचं फळ आहे, दीर शिमल्याहून आणलेले. टीव्हीच्या शोकेसवर ठेवलंय. जूनमधी पाऊस लागला की खवले गपकन मिटतात, दिवाळीनंतर परत फुलतंय. सासूबाईंना वाटायचं जिवंत आहे, पाणी शिंपडायच्या. ओलीत मिटतंय, कोरड्यात उघडतंय एवढंच, बी वाऱ्यावर कोरड्या दिवसातच उडावं म्हणून. कुकर लागलाय, येते.

गोकाक_रोड :
वाळूचा दगड म्हटल्यावर आमचा गोकाकचा धबधबा आठवला. घटप्रभा तिथं 170 फूट खाली पडती, तोपण वालुकाश्मच. खरं असला घट्ट की पाणी इतकी वर्षं झिजवालंय. शिवालिक त्यापुढं कालचं पोर.

सुनील_बेळगाव :
जांबोटी रोडचे खड्डे बुजवले काय? शनिवारी पोरांना घेऊन जायचंय. ऑफटॉपिक, माफी.

खानापूरकर :
शनिवारी नको, पाऊस आहे. रविवारी सकाळी निघा. आणि जळवा असतात, मीठ न्या. येताना बेळगावचा कुंदा आमच्यासाठी.

सुनील_बेळगाव :
बेळगावातनं निघणार मी, येताना कुंदा कुठनं, जातानाच देतो की

रेणू_टिळकवाडी :
फौजीदादा, बिबट्याचं राहिलं. आणि कुणाला माहीत आहे काय, भावाच्या शर्टाला ती राळ चिकटलीय, साबणानं जात न्हाई.

शहापूरची_वैनी :
आधी बर्फ लावून कडक कर, खरवडून काढ, मग खोबरेल चोळ आणि गरम पाण्यात धू. माझी पोरं फणसाचा चीक लावून येतात तेव्हा मी खोबरेलच लावते.

निपाणीचा_फौजी :
ड्यूटी संपली. बिबट्या पाण्याच्या टाकीवर बसलेला, आम्ही कॅन घेऊन खाली उभे. तो उठेपर्यंत चहा झाला न्हाई त्या दिवशी कुणाला.