जिवंत झाडात धातूचा हात: कला की छळ?

रानफूल: जुझेप्पे पेनोने ह्या इटालियन शिल्पकाराने १९६८ साली आल्प्सच्या जंगलात एका कोवळ्या खोडावर स्वतःच्या हाताचा धातूचा साचा बसवला, खोड मुठीत धरलेला. कलाकृतीचं नाव, 'तेवढी जागा सोडून ते वाढत राहील'. नंतरचे फोटो बघा, खोड हाताच्या वरखाली फुगलंय. लोक वाहवा करतात, मला गळा आवळल्यासारखं वाटतं. आपल्याकडे झाडाला खिळे ठोकून क्लासच्या पाट्या लावतात त्याला आपण शिव्या देतो ना, मग हे वेगळं कसं?

सह्यकडा: वेगळं आहेच. पाटीवाल्याला झाड म्हणजे फुकटचा खांब वाटतो, पेनोनेचं सगळं लक्ष झाडावर आहे. आणि अन्नरस सालीतून खाली येतो, तार गोल आवळली की तो तुटतो आणि झाड मरतं, पण इथे वेढा पूर्ण नाहीये. झाडच हाताला गिळतंय, तेच तर बघायचंय.

रानफूल: बघायचंय आपल्याला, सोसायचंय झाडाला. जोसेफ बॉइस ह्या जर्मन कलाकाराने १९८२ ला जर्मनीत कासेलला बेसाल्टचे ७००० दगड म्युझियमसमोर आणून टाकले, एक झाड लागलं की एक दगड तिथून उचलून त्याच्याशेजारी रोवायचा. तो १९८६ ला गेला, शेवटचं झाड १९८७ ला मुलाने लावलं. दगड तेवढाच राहतो, झाड वाढत जातं, कुणालाही इजा नाही.

आमराई: इजा नको म्हणता तर डेव्हिड नॅश ह्या ब्रिटिश शिल्पकाराचं काय? वेल्समध्ये १९७७ ला त्याने ॲशची २२ रोपं गोलात लावली, मग वर्षानुवर्षं खोडांना काप देऊन, वाकवून त्यांचा घुमट केला. आपण कोकणात हापूसचं कलम बांधतो तेव्हाही चाकू लागतोच, आंब्याला कोण विचारतं?

रानफूल: पण नॅशने काप दिला तो झाडाला वळण द्यायला, कलमात तर दोन झाडं जोडली जातात. पेनोनेने हात लावला तो वाढ अडवायलाच, नावातच लिहिलंय की! काढून टाकावा तो हात.

सह्यकडा: आता कसा काढणार? लाकूड चढलंय त्याच्यावर, ओढलात तर साल सोलून निघेल, मोठी जखम होईल आणि तिथूनच बुरशी शिरेल.

रानफूल: बरं, त्या झाडातला राहू दे. पण पुढच्या कुणी हौशी कलाकाराला अशी परवानगी देऊ नये, कोवळ्या झाडाला तर नाहीच.