डॉजर स्टेडियमचा इतिहास 1962 पासून सांगायचा की 1950 पासून?

जुना_नकाशा:
लॉस एंजेलिसच्या डॉजर्स या बेसबॉल टीमच्या डॉजर स्टेडियमवर लिहिणारे सगळे पिचर कूफॅक्सचा 1965 चा परफेक्ट गेम (एकाही बॅटरला बेसवर पोचू न दिलेला सामना), 1988 ला लंगडत येऊन बॅटर गिब्सनने मारलेला होमरन आणि मैदानामागे दिसणारे सॅन गॅब्रिएलचे डोंगर यावर भरभरून लिहितात, मलाही ते स्टेडियम मनापासून आवडतं, पण 1962 ला ते उघडण्याआधी त्या जागी, शावेझ रवीन भागात, पालो व्हर्डे, ला लोमा आणि बिशप अशा तीन वस्त्या होत्या हे एका ओळीत उरकतात याचा खरंच राग येतो. बहुतेक मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबं. जुलै 1950 मध्ये घरोघरी पत्रं आली की इथे सरकारी घरं बांधणार आहोत, जागा सोडा, नव्या घरांवर पहिला हक्क तुमचा. रिचर्ड न्यूट्रासारख्या आर्किटेक्टने आराखडा केला होता. हजाराच्या वर कुटुंबं उठली आणि घरं बांधलीच नाहीत! पालो व्हर्डेच्या शाळेचं तर छप्पर काढून वर्गांत माती भरली, आज ती पार्किंगखाली गाडलेली आहे. डॉजर्सनी या कुटुंबांच्या वारसांच्या भरपाईत वाटा उचलावा, असं माझं स्पष्ट मत.

निळी_टोपी:
अजिबात पटलं नाही. तारखा बघा ना. लोकांना उठवलं शहराच्या हाउसिंग खात्याने, घरांचा प्रकल्प 'समाजवादी' म्हणून बुडवला राजकारण्यांनी, 1953 ला पोलसन मेयर झाले तेच मुळी त्याला विरोध करून. तेव्हा डॉजर्सचा मालक ओमॅली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये होता, टीम 1957 चा सीझन संपल्यावर लॉस एंजेलिसला हलली. शिवाय त्याने स्टेडियम स्वतःच्या पैशाने उभं केलं, सुमारे 2 कोटी 30 लाख डॉलर, ज्या काळात बाकीची शहरं करदात्यांच्या पैशातून स्टेडियमं बांधून देत होती. शहराने शब्द मोडला त्याचं बिल टीमने का भरायचं?

जुना_नकाशा:
भाऊ, घरांचा प्रकल्प बुडाल्यावर जमीन शहराकडे परत आली ती सार्वजनिक कामासाठीच वापरायची या अटीवर. मग खाजगी टीमला सुमारे 300 एकर कशी मिळाली? टीमला ही जमीन द्यायची का यावरचं जून 1958 चं सार्वमत जेमतेम पंचवीस हजारांच्या आसपास मतांनी पास झालंय, म्हणजे अर्ध्या शहराला तेव्हाही हे खटकत होतं. आणि 8 मे 1959 ला तिथून न हटलेल्या आरेचिगा कुटुंबाला बाहेर काढलं ते कुठल्या घरकुलांसाठी? त्यांच्यातल्या एका बाईला शेरीफच्या माणसांनी हातपाय धरून उचलून पायऱ्यांवरून खाली आणलं, तो फोटो बघा एकदा, आणि मग लगेच बुलडोझर. हे बेसबॉलसाठीच झालं.

निळी_टोपी:
फोटो पाहिलाय, वाईटच आहे. पण त्याच कुटुंबाची शहरात दुसरीकडे घरं होती हे लगेच पेपरात छापून आलं, तेही सांगा की. अर्धी गोष्ट सांगून भावना भडकवायच्या नाहीत.

डावखुरी:
दुसरी घरं असली म्हणून या घराची किंमत ठरवायचा हक्क जातो का हो? शहर 10,050 डॉलर देत होतं, ते त्यांना मान्य नव्हतं, एवढाच वाद होता. पण मला तुम्हा दोघांच्याही मांडणीत डॉजर्सचा पिचर फर्नांडो वालेंझुएला दिसत नाही याचं आश्चर्य वाटतंय. मेक्सिकोच्या सोनोरातल्या खेड्यातला पोरगा, 1981 मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी सुरुवातीचा पिचर म्हणून उतरलेल्या पहिल्या आठ सामन्यांत आठ विजय, आणि तो पिच करणार त्या रात्री 56,000 चं स्टेडियम भरून जायचं. ज्या मेक्सिकन घरांत डॉजर्सचं नाव काढत नव्हते ती माणसं तिकिटाच्या रांगेत आली, हायमे हारीनची स्पॅनिश कॉमेंट्री घराघरात लागायला लागली. आता त्या स्टेडियमवर त्यांचाही हक्क आहे, नुसतं 'हिसकावलेली जागा' म्हणणं मला अपुरं वाटतं.

जुना_नकाशा:
ताई, फर्नांडोबद्दल शंभर टक्के सहमत, त्याच्याइतका लाडका खेळाडू त्या शहरात दुसरा झाला नाही. पण लोकांनी टीमला जीव लावला म्हणून घराचा हिशोब मिटत नाही. 2024 मध्ये भरपाईचा विचार करायला टास्क फोर्स नेमावा असं विधेयक कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात पास झालं आणि गव्हर्नर न्यूसम यांनी ते व्हेटो केलं.

निळी_टोपी:
ते विधेयक परत आलं तर मी पाठिंबाच देईन, पण पैसे लॉस एंजेलिस शहराच्या तिजोरीतून जाऊ देत. सही शहराची होती त्या पत्रांवर.