जुलैत कातळ चढायला सांगणाऱ्यांना उत्तर

घाटमाथा:
काल एकानं लिहिलं, ‘साताऱ्याचे किल्ले चढावेत ते जुलैतच, हिवाळ्यात डोंगर मेलेला असतो.’ खाली लगेच नव्या पोरांची रांग: ‘दादा, या रविवारी कुठं जाऊ?’ ते वाचून गप्प बसवेना.

भटकंती वेगळी, चढाई वेगळी. पावसात सज्जनगडाच्या पायऱ्या चढा, ठोसेघरचा धबधबा लांबून बघा, कोण अडवतंय? पण जिथं कातळाला हात लावून वर जावं लागतं, तिथं जुलैत पाय ठेवू नका. कोरड्या कातळावर बूट धरतो, त्यावर शेवाळ आलं की धरायला काही उरत नाही. मुरूम पाणी पिऊन सुटा होतो आणि वरचे धोंडे खाली येतात. धुक्यात पुढचा माणूस दिसत नाही. २०२१च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगावला दरडी घरांवर आल्या. असल्या पावसात हौसेनं कडा चढायला जायचं?

नोव्हेंबर ते जानेवारी. गडावरच्या कोरीव टाक्यांत पाणी, कातळ कोरडा, हवा स्वच्छ. चढाईला याहून चांगले दिवस नाहीत.

वाईकर:
आम्ही पांडवगडाच्या पायथ्याशी वाढलो. पावसाला भिऊन घरात बसणाऱ्यांनी डोंगर शिकवू नये. हिवाळ्यात रविवारी बामणोलीला जाऊन बघा. कोयनेच्या जलाशयापलीकडच्या वासोटा किल्ल्याकडं नेणाऱ्या बोटीसाठी ताटकळायचं, ऊन डोक्यावर आल्यावर चढायला लागायचं आणि वर पोचतोय तोवर परतीची घाई. शिवाय कड्यांना आग्या मोहोळं असतात. एखाद्यानं अत्तर मारलेलं असलं की सगळ्यांची पळापळ. आणि गर्दी तुमच्यासारख्यांच्या सल्ल्यानंच होते.

मिरजेची:
वाईकर दादा, तुम्ही आभाळ बघून निघता. आम्ही सांगली-मिरजेकडचे मध्यरात्री गाडी काढतो, मग पायथ्यावरून माघारी फिरायला कुणी तयार होत नाही. माझ्या आतेभावाचा घोटा कमळगडाच्या उतारावर मोडला. गावातल्या माणसांनी त्याला झोळीत घालून भर पावसात खाली आणलं. वाटेत ओढा फुगलेला, पाणी उतरेपर्यंत तो अलीकडच्या काठावरच कण्हत पडला होता. उद्या पुन्हा पाऊस आला की त्या माणसांनी शेतातली लावण सोडून आपल्यालाच उचलायचं का?

वाईकर:
ताई, भावाचं वाईट वाटलं. पण घोटा हिवाळ्यातही मोडतो. वाळलेल्या गवतावरून घसरून बघा एकदा.

माणदेशी:
तुम्ही दोघं भांडत बसा. आम्ही फेब्रुवारी-मार्चमध्ये चांदण्या रात्री चढतो. गर्दी नाही, चिखल नाही.

घाटमाथा:
आणि वणवा? फेब्रुवारीत अजिंक्यतारा, यवतेश्वर पेटलेले साताऱ्यातून घराच्या गच्चीवरून दिसतात. गवत कमरेएवढं वाळलेलं, वारा वर चढणारा. आग चढावर माणसापेक्षा जोरात पळते. रात्री त्या उतारावर सापडलात तर वाट कुठली शोधणार? जाळलं की गवत चांगलं फुटतं, या समजुतीपायी लोक दरवर्षी डोंगर पेटवतात.

जावळीचा:
‘लोक’ म्हणजे आम्हीच ना? नाव घेऊन बोला. आमची गुरं त्याच डोंगरावर चरतात, आमच्या गवताच्या गंजी त्याच उताराखाली असतात. गेल्या साली आमच्या वरच्या अंगाला आग लागली ती तीन दगडांच्या चुलीपासून. शेजारी नूडल्सची पाकिटं पडलेली. आमच्या बायका ओल्या डहाळ्या घेऊन रात्रभर झोडपत होत्या. तेव्हा एकही ट्रेकर नव्हता.

घाटमाथा:
चूल पेटवणारा गुन्हेगारच, त्याला मी पाठीशी घालणार नाही. पण सगळे वणवे चुलीचे नसतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. गवताची मुळं जिवंत असतात म्हणून कोंब फुटतो, राखेमुळे नाही. राख पहिल्या वळवात वाहून जाते, सोबत माती जाते. तितराची, टिटवीची अंडी जमिनीवर असतात. करवंदीची, जांभळीची रोपं जळतात ती पुन्हा येत नाहीत.

जावळीचा:
आमच्यातले काही जण पेटवतात, नाही म्हणत नाही. त्यांच्याशी आम्हीच भांडतो, इथं लिहून ते थांबत नाहीत. वाळलं गवत कापून न्यायला माणसं मिळत नाहीत, पोरं पुण्या-मुंबईला गेली.

मिरजेची:
मग जानेवारीत गवत कापायला, जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढायला आम्ही आलो तर चालेल? वनखात्याला विचारून, दोन दिवस मुक्काम. चढाई नंतर.

जावळीचा:
या. कोयता आम्ही देऊ. चूल मात्र घराच्या अंगणातच पेटेल.

वाईकर:
जानेवारी ठीक आहे, येतो. पण रविवार नको. आणि पावसाळ्याबद्दल माझं मत बदललेलं नाही.

घाटमाथा:
बदलू नका. फक्त नव्या पोरांना जुलैत पांडवगडावर बोलवू नका.