दोन वर्ग एकाच शिक्षकाकडे : वह्या, चाचण्यांचे कागद आणि नोंदी कशा लावायच्या?

दुसरी_चौथी :
जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा आहे. माझ्याकडे दुसरी (पट 17) आणि चौथी (पट 21), दोन्ही एकाच खोलीत. पहिली-तिसरी मॅडमकडे. आकारिकच्या (सत्रभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या) नोंदवह्या आहेत, पण त्यांच्यात उतरवायच्या आधीचा कागद आवरत नाही. चाचण्या, स्वाध्याय, चित्रं, पालकांच्या चिठ्ठ्या, आधारच्या झेरॉक्स, सगळं एका कपाटात. दुसरीचे पेपर चौथीच्या गठ्ठ्यात सापडतात. सत्र संपताना दोन्ही वर्ग मिळून 249 श्रेणी भरायच्या असतात (17 मुलं × 6 विषय, 21 × 7). प्रत्येक वर्गाला वेगळी फाइल करून पाहिली, महिन्याभरात ती फुगते आणि काहीच सापडत नाही. कोणी नीट पद्धत सांगेल का?

बहुवर्ग_गुरुजी :
सर, वर्गवार फाइल फुगणारच, कारण तिच्यात तीन जातींचे कागद एकत्र येतात. काही परत द्यायचे, काही नोंद होईपर्यंत ठेवायचे, काही कायमचे. आधी ते वेगळे करा, वर्ग त्यानंतर.

पहिल्या जातीसाठी प्रत्येक वर्गाचे दोन ट्रे ठेवा : "तपासायचे" आणि "द्यायचे". असे चार ट्रे झाले, बुटांच्या खोक्यांची झाकणंही चालतात. दुसरीला पिवळी चिकटपट्टी, चौथीला निळी. तीच पट्टी वह्यांच्या शिवणीवर लावा, कव्हरवर नको. कव्हर दिवाळीपर्यंत फाटतं, शिवण टिकते, आणि गठ्ठा आडवा ठेवला तरी रंग दिसतो.

प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात इयत्ता आणि हजेरी क्रमांक : 4/13. त्याखाली विषय आणि तारीख. चौथीची मुलं हे स्वतः लिहितात. दुसरीच्या मुलांना जूनमध्ये फळ्याच्या कोपऱ्यात नमुना काढून ठेवा, आठ-दहा दिवसांत सवय लागते. नावावर विसंबू नका. दोन्ही वर्गांत एकेक आरोही असतेच, आणि दुसरीतलं मूल आडनाव लिहीलच असं नाही.

गोळा करताना क्रमांकाने लावूनच घ्यायचं. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर 1 ते 21 आकडे लिहिलेली पट्टी गठ्ठ्यावर क्लिपने अडकवा. ज्याचा कागद नाही त्या आकड्याला पेन्सिलने गोल, गैरहजर असेल तर शेजारी "गै", आणला नसेल तर "ना". हा फरक त्याच दिवशी लिहिला नाही तर पुढे रिकामा रकाना कशामुळे ते कळत नाही, आणि गैरहजर मुलाला शून्य पडतं.

मुख्य नियम एकच : गुण नोंदवहीत गेल्याशिवाय कागद "द्यायचे" ट्रेमध्ये जायचा नाही. नोंद झाली की कोपऱ्यातल्या क्रमांकाखाली हिरवी रेघ. रेघ नसलेला कागद मुलाच्या हातात गेला की ते गुण गेले असं समजा.

श्रेणी_तक्ता :
वरच्यात एक भर. दुसरी-चौथी या जोडीत भारांश वेगळा आहे, आणि घोटाळा बहुतेक वेळा तिथेच होतो. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाप्रमाणे पहिली-दुसरीला आकारिक 70, संकलित (सत्राअखेरची चाचणी) 30. तिसरी-चौथीला 60 आणि 40. एकापाठोपाठ एक नोंदवही भरताना हात सवयीने 60 पैकीच गुण देत जातो आणि दुसरीच्या बऱ्याच मुलांची श्रेणी एक पायरी खाली येते. नोंदवहीच्या प्रत्येक विषयाच्या पहिल्या पानावर लाल शाईत "पैकी 70" किंवा "पैकी 60" लिहून ठेवा. एका बैठकीला एकच वर्ग घ्या.

एक्सेल वापरत असाल तर दोन वर्गांच्या दोन फाइली करू नका. एकच यादी, पहिला रकाना इयत्ता, दुसरा हजेरी क्रमांक, तिसरा जनरल रजिस्टर (शाळेत दाखल मुलांची कायमची नोंदवही) क्रमांक, मग 11 अंकी पेन क्रमांक (विद्यार्थ्याचा कायम शैक्षणिक क्रमांक), आधारवर आहे अगदी तसंच नाव. फिल्टर लावला की हवा तो वर्ग. यू-डायसचं (शाळांची सरकारी ऑनलाइन माहिती) किंवा अपारचं (विद्यार्थ्याचा देशव्यापी ओळख क्रमांक) काम आलं की याच यादीतून भरता येतं. पेन आणि आधारचे रकाने आधी "टेक्स्ट" करून घ्या, नाहीतर 12 अंकी आधार क्रमांक एक्सेल 1.23E+11 अशा रूपात दाखवतं.

जुनं_दप्तर :
कायमच्या कागदांना हजेरी क्रमांक लावू नये. तो दर जूनला बदलतो. जनरल रजिस्टरचा क्रमांक मूल शाळेत आहे तोवर तोच राहतो. म्हणून जन्मदाखला, आधी दुसऱ्या शाळेत असेल तर तिथला दाखला, जातीच्या दाखल्याची प्रत हे सगळं रजिस्टर क्रमांकाने, एका मुलाला एक पातळ पुठ्ठ्याची फाइल. मूल दुसरीतून तिसरीत, म्हणजे मॅडमकडे गेलं की फाइल जशीच्या तशी त्यांच्याकडे.

रजिस्टरमधली नाव, जात, जन्मतारीख पालकाने आधार आणून दाखवलं म्हणून खोडायची नाही. वरिष्ठ कार्यालयाची मंजुरी लागते. अर्ज घ्या, पोच द्या, अर्ज त्या मुलाच्या फाइलमध्ये. पांढरी शाई तर कुठल्याच रजिस्टरला लावू नका.

कागद कपाटात ठेवताना पिनांऐवजी दोऱ्याचा टॅग वापरा. पावसाळ्यात पिना गंजतात आणि नेमका कोपऱ्यातला क्रमांक खातात. कपाट भिंतीला चिकटून नको, चार बोटं जागा सोडा आणि खाली विटा द्या. वाळवी भिंतीतूनच येते.

दुसरी_चौथी :
आभारी आहे, पट्टीची आणि रजिस्टर क्रमांकाची गोष्ट लगेच करण्यासारखी आहे. दोन शंका. वर्णनात्मक नोंदीसाठी मुलांचे कागद किती जपायचे? आणि आमच्याकडची काही मुलं दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात, त्यांच्या क्रमांकाचं काय करायचं?

बहुवर्ग_गुरुजी :
नोंदीसाठी प्रत्येक मुलाचे सत्राला भाषेचे दोन आणि गणिताचे दोन कागद पुरेत. चांगले गुण असलेला नको, चूक बोलती असलेला ठेवा. उदाहरण घ्या : चौथीतला मुलगा 402 − 178 चं उत्तर 376 लिहितो. म्हणजे त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय, 8 मधून 2, 7 मधून 0. त्याला वजाबाकी येत नाही असं नाही, दशक सुटा करणं येत नाही. नोंद तशीच लिहा : "वरचा अंक लहान असल्यास उलटी वजाबाकी करतो, दशक सुटा करण्याचा सराव हवा." तयार वाक्यांच्या यादीतून "गणितात प्रगती समाधानकारक" उतरवण्याने पुढच्या शिक्षकाला काहीही मिळत नाही, आणि हे मला फार खटकतं. रोज चार मुलं धरली तर दहा दिवसांत 38 होतात. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात हे काम होत नाही.

जुनं_दप्तर :
स्थलांतरित मुलांचा हजेरी क्रमांक दुसऱ्याला देऊ नका, नाव खाली सरकवू नका. मधल्या महिन्यात आलेलं मूल यादीत शेवटीच येईल, भले मुलं आधी, मुली नंतर हा क्रम मोडला तरी. क्रम सुधारायला गेलात की आधीच्या सगळ्या कागदांवरचे आकडे खोटे ठरतात.

जायच्या आधी शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत शिक्षण चालू ठेवता यावं म्हणून द्यायचं कार्ड) भरून द्या. आकारिकच्या त्याच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा, आणि चाललेला पाठ व न जमणारे घटक एका कागदावर लिहून पालकाकडे द्या. पालक कुठल्या कारखान्यावर, कुठल्या मुकादमाबरोबर जाणार आणि चालू असलेला फोन नंबर, हे यादीतल्या शेवटच्या रकान्यात. तिकडच्या शाळेत बसलं तर तिथल्या शिक्षकांकडून चाचण्यांचे गुण फोनवर न घेता कागदाचा फोटो मागवा, "पैकी किती" ते त्यावर दिसतं. मार्चमध्ये मूल परत आलं की तो कागद त्याच 4/13 खाली टॅगला लावायचा.