देवळालीचं बार्न्स स्कूल नक्की किती जुनं?

निफाडकर: परवा देवळाली कॅम्पात मामाकडे गेलेलो, बार्न्सच्या गेटसमोरून रिक्षा जाताना मामा म्हणे शाळा १९२५ ची, रिक्षावाला म्हणे छे हो, तीनशे वर्षांची. खरं कोण?

जुना देवळालीकर: दोघंही 😄 देवळालीत जानेवारी १९२५ ला सुरू झाली, पण मूळ मुंबईचं. १७१८ ला रिचर्ड कॉब नावाच्या पाद्र्याने फोर्टात गरीब मुलांसाठी छोटीशी शाळा काढली, मग १८१५ ला आर्चडीकन (चर्चमधला वरच्या पदाचा पाद्री) बार्न्सने बॉम्बे एज्युकेशन सोसायटी काढून ती ताब्यात घेतली, पुढे भायखळा आणि शेवटी मोकळ्या हवेसाठी इकडे. नाव त्याच बार्न्सचं.

सातपूरवाला: आमचे आजोबा सायकलवर पाव घेऊन जायचे तिथे, हँडलला दोन्हीकडे पिशव्या. तेव्हा गोरी आणि अँग्लो इंडियन पोरंच जास्त, आता आमच्या बिल्डिंगमधली दोन जातात.

गंगापूररोड: अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचंच म्हणाल, तर नाशकात शरणपूरची ख्रिस्ती वस्ती देवळालीच्या शाळेहून जुनी. चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात वसवली, गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन पोरं तिथे शिकायची, त्यातला जेकब वेनराइट १८७४ ला आफ्रिकेत फिरलेल्या संशोधक लिव्हिंगस्टनच्या अंत्यविधीला थेट लंडनात! आपण रोज शरणपूर रोडच्या सिग्नलला हॉर्न वाजवत बसतो.

निफाडकर: म्हणजे रिक्षावाल्याला दहा रुपये जास्त द्यायला हवे होते.