रात्री पेट्रोलसारखा वास येतो, पण ॲप म्हणतं हवा ठीक (चेंबूर)

सई_चेंबूर: माहुल रोडला नवीन राहायला आलोय. रात्री खिडकी उघडली की पेट्रोलसारखा गोडसर वास, सासूबाईंचं डोकं धरतं आणि लेकीचे डोळे चुरचुरतात, पण एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा आकडा) ॲपवर "मध्यम"च दिसतं! मग हे आहे काय?

वारा_पडला: अगं तो आकडा पीएम (हवेतले बारीक कण), ओझोन, कार्बन मोनॉक्साइड वगैरेंवरून काढतात, पेट्रोलच्या वाफेतले बेन्झीन-टोल्युइन त्यात धरतच नाहीत. तिकडे रिफायनऱ्या आणि केमिकलच्या टाक्या आहेत, टाकी भरताना, टँकर लोड करताना वाफ सुटते आणि रात्री वारा पडला की खालीच साचते. 2020 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने (पर्यावरणाचे खटले ऐकणारं न्यायाधिकरण) याच वाफांसाठी माहुलच्या कंपन्यांना दंड लावला होता, म्हणजे तुझा भ्रम नाहीये हा.

निशा_पॅथॉलॉजी: डोकेदुखी हा लगेचचा त्रास, खरी काळजी वर्षानुवर्षं श्वासात जाणाऱ्या बेन्झीनची. ते अस्थिमज्जेवर घाव घालतं, ल्युकेमियाशी (रक्ताच्या कर्करोगाशी) त्याचा संबंध पक्का आहे. आपल्याकडे मर्यादा वर्षाच्या सरासरीला घनमीटरमागे 5 मायक्रोग्रॅम. डिझेल, जळता कचरा, बेकरीची लाकडाची भट्टी यांच्या धुरातलं बेन्झो-ए-पायरीन हे कर्करोग करणारं रसायन वेगळंच, ते बारीक कणांना चिकटून फुप्फुसात जातं. सासूबाईंना डॉक्टरांना दाखवच.

सई_चेंबूर: एन95 मास्क लावला तर?

वारा_पडला: तो कण अडवतो, वाफ नाही. वास आला की तारीख-वेळ लिहून ठेव आणि सोसायटीच्या लेटरहेडवर प्रदूषण नियंत्रण मंडळाला तक्रार द्या, एकट्याने नको.